आग लागली तर पोरांनी काय करायचं? वाडीवस्तीवरच्या घरांसाठी माहिती

शिरूर / दौंड : घरात लहान मूल असलं की आगीविषयी त्याला एकच गोष्ट शिकवली जाते : ‘हात लावू नको, भाजंल.’ चुलीकडं सरकलं की हाच आवाज, हातात काडेपेटी दिसली की हाच आवाज, आणि तरी ऐकलं नाही तर पाठीत धपाटा. हे शिकवणं चुकीचं नाही. पण एवढ्यावरच थांबलं तर ते अंगलट येतं. काडी ओढताना गवताला लागली, तर मार बसेल या भीतीनं मूल ओरडत नाही, लपतं. खाटेखाली, कणगीमागं, गोधड्यांच्या ढिगाआड. आगीच्या घरात शिरलेल्या जवानांना लहान मुलं अशाच जागी सापडतात, हा अग्निशमन दलांचा जुना अनुभव आहे.

म्हणून शिकवायची पहिली गोष्ट ही, की आग तुझ्या हातून लागली असली तरी कुणी मारणार नाही. आधी बाहेर पळ आणि मोठ्यानं ओरड. हे एकदा सांगून भागत नाही, आणि सांगितल्यावर ते पाळावंही लागतं. दूध सांडलं म्हणून मार खाणाऱ्या पोराला ‘आग लागली तर मारणार नाही’ हे खरं वाटत नाही.

गाडी येईपर्यंतची मिनिटं घरच्यांचीच

शिरूर आणि दौंड शहरांत नगरपालिकेची यंत्रणा आहे, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत अग्निशमन केंद्रं आहेत. पण दोन्ही तालुक्यांतली निम्मी वस्ती गावठाणात नाहीच. ज्याच्या त्याच्या रानात घर, घराला जायला कालव्याची कड नाहीतर गाडीवाट, आणि गळिताच्या दिवसांत त्या वाटेवर उसाच्या दोन ट्रॉल्या अडकलेल्या. बंब कितीही लवकर निघाला तरी पोचायला वेळ हा लागणारच. पाचटाचं छप्पर किंवा कडब्याची गंजी तेवढा वेळ थांबत नाही.

त्यात दिवसाउजेडी घरी असतं कोण? मोठी माणसं रानात किंवा कंपनीत, घरी आजी-आजोबा आणि पोरं. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत जे करायचं ते बऱ्याचदा आठ-दहा वर्षांच्या मुलालाच करावं लागतं. त्यानं आग विझवावी, अशी अपेक्षा अजिबात ठेवू नये. त्याचं काम तीनच गोष्टींचं : बाहेर पडायचं, माणसं गोळा करायची, परत आत जायचं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे. बाहेर आलेलं मूल परत आत जातं ते दप्तरासाठी, मोबाईलसाठी, आणि आपल्याकडं बहुतेक वेळा शेळीच्या करडासाठी किंवा गोठ्यातल्या वासरासाठी. जनावराची माया असलेलं पोर हे ऐकत नाही. त्याला नुसतं ‘जाऊ नको’ म्हणून चालणार नाही. दावं कोण सोडणार ते नाव घेऊन ठरवून ठेवावं. ‘जनावरं चुलते सोडतील, तू लिंबाखाली थांबायचं’ असं पक्कं सांगितलं की पोराचा जीव थोडा निश्चिंत होतो.

घरातली आग पोरांनाच शोधायला लावा

मुलांना समोर बसवून उपदेश केला तर दोन मिनिटांत त्यांचं लक्ष उडतं. त्यापेक्षा त्यांच्या हातात वही द्यावी आणि घर, पडवी, गोठा फिरून ‘आग कुठनं लागंल’ ते लिहून आणायला सांगावं. मोठ्यांना रोजच्या सवयीनं जे दिसत नाही ते पोरांना दिसतं. चुलीपासून दोन हातांवर रचलेली लाकडं. घराच्या भिंतीला टेकवलेला कडबा. देवघरातल्या निरांजनाच्या वर लोंबणारा पडदा. खाटेखाली जळत ठेवलेली डासांची कॉइल. उशीखाली चार्जिंगला लावलेला मोबाईल. पिन न लावता उघड्या वायरी खोचलेला बोर्ड. गाडीसाठी बाटलीत आणून ठेवलेलं पेट्रोल, तेही बहुधा पाण्याच्या बाटलीत. ही शेवटची गोष्ट दिसली तर त्याच क्षणी घराबाहेर काढावी. पाणी समजून पिण्याचा धोका वेगळाच.

आग म्हणजे काय, हे दाखवायला एक मेणबत्ती आणि काचेचा पेला पुरतो. पेटती मेणबत्ती पेल्यानं झाकली की थोड्या वेळात विझते. जळायला वस्तू लागते, हवा लागते आणि ताव लागतो. तिघांतलं एक काढलं की आग संपली. पाचवी-सहावीच्या मुलाला हे चटकन कळतं, आणि मग कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी का ओतायचं नाही, झाकण का ठेवायचं, तेही कळतं. पाणी उकळत्या तेलाखाली जातं, त्याची एकदम वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडं उडतं. हे झाकण ठेवणं मोठ्यांचं काम. मुलानं फक्त ‘पाणी नको, झाकण’ एवढं ओरडलं तरी पुष्कळ.

दौंड तालुक्यात केडगाव, यवत, राहू, पारगाव पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. तिथं राहणाऱ्या मजुरांच्या पोरांना घर आणि गुऱ्हाळ असं वेगळं काही नसतंच. उकळत्या रसाची कढई आणि चुलाणाचं तोंड यांच्याभोवती जमिनीवर जाडसर रेघ मारून ‘ह्याच्या आत यायचं नाही’ असं रोज पाळायला लावलं तर लहानग्यालाही समजतं. रस किंवा काकवी अंगावर पडली तर ती पाण्यासारखी ओघळत नाही, चिकटून राहते. भाजणं म्हणून खोल जातं.

धुराशी गाठ

घराला आग लागते तेव्हा ज्वाळेच्या आधी धूर गाठतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. माणसाला गुंगी येते आणि झोपलेलं माणूस उठतच नाही. तापलेला धूर वर चढतो, त्यामुळं जमिनीलगत थोडा वेळ श्वास घेण्याजोगी हवा राहते. मुलांना हे समजावण्यापेक्षा करायला लावणं सोपं : खोलीत कमरेच्या उंचीवर एक साडी आडवी धरायची, तो धूर. त्याच्याखालून डोकं न लावता रांगत दारापर्यंत जायचं. पोरांना हा खेळ वाटतो, आणि खेळ म्हणून केलेलं अंगात राहतं.

अंगात राहिलेलं कामाला येतं याचं महाराष्ट्रातलं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असेल. २२ ऑगस्ट २०१८ ला मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवर या इमारतीत सकाळी आग लागली. बाराव्या मजल्यावरून धूर वर चढला. सोळाव्या मजल्यावर राहणारी झेन सदावर्ते तेव्हा दहा वर्षांची होती. तिनं घरातल्या आणि शेजारच्या माणसांना सुती कपड्याचे तुकडे ओले करून नाका-तोंडावर धरायला लावले, धावपळ करू दिली नाही आणि जवान येईपर्यंत सगळ्यांना थोपवून धरलं. त्या आगीत चौघांचा जीव गेला. झेनच्या सोबतची माणसं बचावली. तिला हे कुठून सुचलं? तिसरीत असताना शाळेच्या एका प्रकल्पात ती हे शिकली होती. २०२० च्या जानेवारीत तिला राष्ट्रीय बालशौर्य पुरस्कार मिळाला.

ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, पण एक फरक सांगून. ओलं फडकं काजळी अडवतं, विषारी वायू अडवत नाही. उंच इमारतीत जिना धुरानं भरलेला असेल तर खोलीचं दार लावून, फटीत ओले कपडे कोंबून, खिडकीशी थांबणं योग्य असतं. शिक्रापूर, सणसवाडी, शिरूर आणि दौंड शहरांत आता अशा इमारती आहेत, तिथल्या मुलांना हे आणि ‘लिफ्टनं उतरायचं नाही’ हे दोन्ही यायला हवं. बैठ्या घरात मात्र फडकं शोधत, भिजवत बसायचंच नाही. तोंडावर सदरा ओढायचा आणि बाहेर निघायचं.

आग कारखान्यातली असेल तर आणखी वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये कुरकुंभच्या वसाहतीत एका रसायन कारखान्याला रात्री मोठी आग लागली तेव्हा आसपासच्या लोकांना अंधारातच घरं सोडावी लागली होती. त्या पट्ट्यातल्या पोरांना वारा ओळखायला शिकवावं : मूठभर माती वरून सोडायची, ती उडेल त्या दिशेला पळायचं नाही, वाऱ्याला आडवं व्हायचं.

थांब, झोप, लोळ

कपड्यांनी पेट घेतला की माणूस पळत सुटतो. पळाल्यानं वारा मिळतो, आणि उभं राहिल्यानं ज्वाळा छातीवरून तोंडाकडं चढते. त्यामुळं मुलांना तीन शब्द पाठ करून घ्यावेत : थांब, झोप, लोळ. जागेवर थांबायचं, दोन्ही हातांनी तोंड झाकायचं, जमिनीवर आडवं व्हायचं आणि आग विझेपर्यंत इकडून तिकडं लोळायचं. अंगणात चार वेळा करून घेतलं की पुरे. दिवाळीत फटाके उडवायला जाताना नायलॉनचा झगमगीत फ्रॉक किंवा कुर्ता नको, हे इथंच सांगून टाकावं. ते कापड नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं.

आता घोंगडीबद्दल. शहरातल्या दुकानांत आग विझवायचं खास ब्लँकेट मिळतं. आपल्या घरांत त्याच्या जवळपास जाणारी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या आहे. लोकर सहजासहजी पेटत नाही. जाळ धरला तर करपते, आणि जाळ काढला की बहुधा आपोआप विझते. मेंढरं बसवायला येणाऱ्या धनगरांकडून घेतलेली किंवा आजोबांच्या काळातली लोकरीची घोंगडी ट्रंकेत तळाशी न ठेवता स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुंटीला अडकवून ठेवावी. कुणाच्या कपड्यांनी पेट घेतला तर त्याला आडवं पाडून मानेपासून खालच्या बाजूला घोंगडी घट्ट दाबायची. तोंड मोकळं राहिलं पाहिजे. बाजारात ‘घोंगडी’ म्हणून मिळणारं ॲक्रिलिकचं पांघरूण यासाठी चालत नाही. ओळखायची खूण सोपी : एक धागा काढून मोठ्या माणसानं जाळून बघावा. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते.

गॅसचा वास

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणजे खाली अंथरुणावर झोपलेल्या लेकराच्या पातळीवर तो आधी येतो. मुलांना वास ओळखता येतोच. शिकवायचं ते पुढचं. दिवा लावायचा नाही, आणि लागलेला असेल तर बंदही करायचा नाही, कारण बटण खाली-वर दोन्हीकडं करताना ठिणगी पडते. जाता जाता दार उघडं टाकायचं, बाहेर यायचं, मोठ्यांना सांगायचं. रेग्युलेटर बंद करणं मोठ्यांचं काम. गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. फोनसुद्धा घराबाहेर येऊनच लावावा. रबरी नळीवर तिची मुदत छापलेली असते. ती वाचून दाखवायचं काम घरातल्या चौथी-पाचवीच्या मुलाला द्यावं, त्याला आवडतं.

फोन लावता येतो का?

बहुतेक पोरांना मोबाईलवर गेम लावता येतो. मदत मागता येते का, ते एकदा बघावं. फोन लॉक असला तरी इमर्जन्सी कॉल लागतो, हे मुलांना दाखवून ठेवावं. अग्निशमनासाठी १०१, कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेला १०८, वीज तुटून पडली किंवा डीपी जळाला तर महावितरणचा १९१२. एवढे सगळे पाठ होत नसतील तर एक ११२ पुरतो.

खरी अडचण पत्ता सांगण्याची. वस्तीवरच्या घराला ना रस्त्याचं नाव, ना घर नंबर. ‘आमच्या घरी आग लागलीय, लवकर या’ एवढं सांगून मूल फोन ठेवून देतं. त्याला असं शिकवावं : गाव, वस्ती, आणि अनोळखी ड्रायव्हरला दिसेल अशी एक खूण. चासकमानच्या कालव्याचा पूल, मुठा कालव्याची चारी, मोठा डीपी, मारुतीचं देऊळ, दूध डेअरी. मग काय जळतंय आणि आत कुणी आहे का. समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन कट करायचा नाही. आजीला पलीकडचा साहेब करून याची तालीम घ्यावी. खरा नंबर लावून तालीम घेऊ नये.

ग्राम सुरक्षा यंत्रणा अनेक गावांत चालू आहे. नोंदणी असलेल्या फोनवरून १८००२७०३६०० ला फोन करून निरोप दिला की तो एकाच वेळी गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनवर वाजतो. बिबट्या आणि चोरांसाठी लोक ती वापरतात, पण बंबाच्या आधी चार शेजारी बादल्या आणि फवारणीचा ट्रॅक्टर घेऊन पोचतात ते अशाच निरोपानं. आपलं गाव आणि घरातला जो फोन घरीच असतो तो तिथं नोंदलेला आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्यावं. कमावत्या माणसाचा नंबर नोंदून उपयोग नाही, तो फोन दिवसभर कंपनीत असतो.

कोपी आणि बाहेरची कडी

गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या दोन्ही तालुक्यांत उतरतात. बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद यांची कोपी, एकीला लागून दुसरी. बायका पहाटे अंधारात उठून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकतात, उजाडायच्या आत कोयते फडात जातात, आणि तान्ह्याला सांभाळायला सहा-सात वर्षांचं दुसरं पोर मागं राहतं. कधी ते बाहेर भटकू नये, बिबट्याची भीती, म्हणून कोपीचं तोंड बाहेरून बांधलेलं असतं. बिबट्याची भीती या भागात खोटी नाही. पण पाचटाच्या कोपीत बांधलेलं पोर आग लागली तर बाहेर येऊच शकत नाही. एखादं म्हातारं माणूस किंवा टोळीतली एक बाई तळावर मागं ठेवणं हाच त्यावरचा उपाय आहे, आणि त्या दिवसाची मजुरी कोण देणार हा प्रश्न मुकादम आणि कारखान्यानं सोडवायचा आहे. सहा वर्षांच्या पोरानं नाही.

टोळी ज्याच्या रानात उतरली त्या शेतकऱ्यालाही बरंच करता येतं. दोन कोप्यांमध्ये मोकळी जागा सोडायला लावणं, चुली वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवणं, पाण्याचं एक पिंप कायम भरलेलं राहील हे बघणं, फडात जाण्याआधी निखाऱ्यावर पाणी मारलंय का ते विचारणं. तळावरच्या पोरांना ‘थांब, झोप, लोळ’ शिकवायला अर्धा तास लागतो.

बाहेरून कडी लावायची सवय पक्क्या घरांतही आहे. ‘दहा मिनिटांत दूध घालून येते’ म्हणून झोपलेल्या लेकराला कोंडून जाणं. खिडक्यांना गज, दार एकच, त्याला बाहेरून कडी; अशा घरात मुलाला शिकवलेलं काहीच कामाला येत नाही.

भाजलं तर

भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. नळ नसेल तर तांब्यानं हळूहळू ओतत राहायचं. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, राख यातलं काही नको, बर्फही नको. बांगडी, करदोटा, काळा दोरा सूज यायच्या आत काढायचा. चिकटलेला कपडा ओढायचा नाही. मग स्वच्छ सुती कापडानं सैल झाकून दवाखाना. भाजलेला भाग मुलाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठा असेल, किंवा तोंड, हात, जननेंद्रियांवर असेल, किंवा विजेनं भाजलं असेल, तर घरी थांबायचंच नाही. शिरूर, शिक्रापूर, यवतचं ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचं उपजिल्हा रुग्णालय गाठून तिथून गरज पडली तर ससूनला. पाण्याचं एवढं एक पोरांना लहानपणीच शिकवलं तर घरातली मोठी माणसं टूथपेस्टची ट्यूब शोधेपर्यंत तेच बादली पुढं करतात.

तालीम कधी

देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर स्फोट झाले आणि आग विझवणारे ६६ जवान मृत्युमुखी पडले, त्यांची ही आठवण. दिवस योग्यच आहे, पण शाळांसाठी अडचणीचा. १४ तारखेला डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी, पुढं परीक्षा, आणि तोवर ऊसतोड टोळ्या गावाकडं परतलेल्या. विज्ञानाच्या पुस्तकात आपत्ती व्यवस्थापनाचा धडा आहे, तो मार्कांपुरता वाचला जातो. २०२४ पासून प्राथमिक शाळांत ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाला, त्यात या विषयाला जागा आहे.

घरची तालीम त्याहून सोपी आहे. घराबाहेर जमायची एक जागा ठरवायची, लिंबाचं झाड किंवा पाण्याची टाकी, गंजीपासून लांब. आजीला कोण आणणार, तान्ह्याला कोण उचलणार, हे नाव घेऊन ठरवायचं. मोठं भावंड त्याच खोलीत असेल तरच लहानग्याचा हात धरेल, दुसऱ्या खोलीत शोधायला जाणार नाही. मग एकदा उजेडात आणि एकदा रात्री दिवे बंद करून सगळ्यांनी बाहेर यायचं आणि पोरांनी माणसं मोजायची. दसरा-दिवाळीच्या मधला, टोळ्या उतरायच्या आणि फटाके घरात यायच्या आधीचा एखादा शनिवार त्याला पुरतो.